त्या वर्षी घट उगवला नाही

आमच्या सणसरच्या घरात पाणी दोन तऱ्हेचं असायचं, एक प्यायचं आणि एक वापरायचं. प्यायचं गावातल्या टाकीवरून डोक्यावर आणायचं, ते पाटाचं, म्हणजे कालव्याचं. वापरायचं आमच्या विहिरीचं, ते मचूळ. मचूळ म्हणजे काय हे आता पुण्यातल्या नातवंडांना समजावून सांगावं लागतं. मीठ कालवल्यासारखं खारट नाही, पण तोंडात घेतलं की चूळ भरून टाकावीशी वाटणारं. त्या पाण्यात तुरीची डाळ दोन तास रटरटली तरी दाणा दाणाच राहायचा. साबण घासून हात दुखून यायचे, पण फेसाचा पत्ता नाही. न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाला आतून पांढरा थर धरायचा, तो दर दिवाळीच्या आधी माझे वडील, तात्या, छन्नी-हातोडी घेऊन फोडत बसायचे. तो ठणठणाट आणि लांबून येणारा साखर कारखान्याचा भोंगा, हे दोन आवाज एकत्र ऐकू आले की मला अजूनही चकलीच्या भाजणीचा वास येतो. पण या पाण्याला कुणी नावं ठेवलेली तात्यांना खपायची नाहीत. विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली. त्यांच्या लहानपणी ती गोड होती म्हणे. मग ऊस आला, पाटाचं पाणी बारा महिने रानात उभं राहिलं, त्याला बाहेर जायला वाट नाही, आणि जमिनीतला खार वर येत गेला. हे शहाणपण मी आता सांगतेय. तेव्हा कुणी काही बोललं की तात्या म्हणायचे, "पाणी हाय ना? मग झालं. ऊस पितोयच की गपगुमान."

नवरात्रात आमच्याकडं घट बसायचे. पत्रावळीवर आपल्याच रानातली माती पसरायची, तीत सात धान्यं पेरायची, मधोमध मातीचा घट पाण्यानं भरून ठेवायचा आणि वर रोज एक फुलांची माळ बांधायची. दिवससुद्धा माळांनीच मोजायचे, आज तिसरी माळ, आज पाचवी माळ. घटातून पाणी झिरपतं, शिवाय सकाळी ओंजळभर वरून शिंपडायचं, आणि दसऱ्यापर्यंत घटाभोवती वीतभर पिवळसर हिरवं धान उभं राहतं. दसऱ्याला ते पुरुषांनी टोपीत खोवायचं, बायकांनी अंबाड्यात. तात्यांच्या लेखी मात्र हा घट नुसता देव नव्हता, तो रब्बीचा सल्लागार होता. घटात जे धान्य जोमात येईल ते त्या साली जास्त पेरायचं, असा त्यांचा शिरस्ता. गावातले बरेच जण असं बोलायचे, पण तात्या ते खरंच पाळायचे. आईचा घट तर गावात नावाजलेला. बायका मुद्दाम बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "काय बाई हात हाय हिचा!" तीन वर्षं घटात हरभरा असा तरारून आला की तात्यांनी तिन्ही वर्षं विहिरीखालच्या अख्ख्या वावरात हरभराच पेरला, विहिरीच्या पाण्यानं ओलवला, आणि तिन्ही वर्षं रानात जागोजागी टक्कल पडलं. निम्मं बी वर आलंच नाही. उगवलं तेही पिवळं पडून बसलं.

याचा राग निघाला हमीदचाचांवर. चाचांचं गावात बियाण्याचं दुकान होतं आणि ते आणि तात्या शाळेत एका पाटावर बसलेले. तिसऱ्या वर्षी तात्या दुकानात गेले आणि चार माणसांत म्हणाले, "हमीदभाई, दळायचा हरभरा मला बी म्हनून इकलात व्हय?" चाचा बसल्या जागेवरून उठलेसुद्धा नाहीत. "तात्या, बी माझ्या घरी उगवलंय. तुमच्या रानात न्हाय उगवलं. बी एकच हाय." तात्यांनी त्या दुकानाची पायरी सोडली. चाचा दरवर्षी साऱ्या गावाला घटाच्या सात धान्यांच्या पुड्या फुकट वाटायचे, आमच्या वाटची पुडीसुद्धा यायची बंद झाली. पुढच्या नवरात्रात घटात घरच्याच कणगीतलं बी घालायचं ठरलं.

त्याच वर्षी वैशाखात माझ्या दादाचं लग्न झालं आणि सुमनवहिनी घरात आली. ती पळसदेवची, उजनी धरणाच्या पाण्याकाठची. गोड पाण्यात वाढलेली, माशांच्या आणि होड्यांच्या गोष्टी सांगणारी. मी तेव्हा नववीत होते आणि आगाऊपणात गावात पहिली. वरात आली त्याच दिवशी मी तिला तांब्याभर विहिरीचं पाणी प्यायला दिलं. थट्टाच करायची होती, तोंड कसं वाकडं करते ते बघायचं होतं. तिनं पहिला घोट घेतला, डोळे जरा मोठे झाले, आणि मग सगळा तांब्या रिकामा केला. वर "छान गार हाय," म्हणाली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्या दिवसापासून मी तिच्या पक्षाची झाले. पुढं एकदा मी विचारलं, का प्यायलीस गं? तर म्हणाली, "सासरचं पाणी, न्हाय कसं म्हनू?" या एका वाक्यात तिचं सगळं दुखणं होतं, ते मला नवरात्रात कळलं.

नवरात्राला सांगवीहून आत्या आल्या. तात्यांच्या थोरल्या बहीण. नाकात नथ नसली तरी असल्यासारख्या बोलायच्या. सोवळंओवळं, रीतभात, कुणी कुठल्या हातानं काय उचललं, सगळ्यावर त्यांची नजर. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "आवंदा घट नव्या सुनंनं बसवायचा. आन पाणी इहिरीचं. पाटाचं पाणी धा गावचं, ते घटाला चालत न्हाय." वहिनीनं मान हलवली. मी आईकडं बघत होते. आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला वाटलं उपासानं जांभई आली असेल.

वहिनीनं कसलीही कसूर ठेवली नाही. पहाटे न्हाऊन, ओलेत्यानं, कुणाशी न बोलता विहिरीची पहिली घागर काढायची, घट भरायचा, मातीवर ओंजळ शिंपडायची आणि हात जोडून बसायचं. तिसऱ्या माळेला शेजारच्या घटांत कोंब दिसायला लागले. आमच्यात काही नाही. चौथ्या माळेला आईनं देवघराचा पडदा अर्धा ओढून घेतला. पाचव्या माळेला शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या, घटाकडं बघितलं आणि एकमेकींकडं बघितलं. मातीच्या कडेनं पांढुरका थर तेवढा उगवला होता. त्या दिवशी दुपारी फराळाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी होती. सगळे बसलो होतो. आत्यांनी पानातून नजर वर न करता बोलायला सुरुवात केली. "बी घरचं. माती घरची. पाणी बी घरचं. भायेरनं आलंय ते एकच." मग त्या तात्यांना म्हणाल्या, "दसरा झाला की तिला म्हायारी धाड. दिवाळीपातुर ऱ्हाऊ दे तितंच. मग बगू काय ते." हे 'मग बगू' म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या शेजारची एक सून अशीच 'मग बगू' म्हणून गेली होती, ती आलीच नाही. तात्यांनी नुसतं "हं" केलं. आणि आमचे दादासाहेब? भगरीत आमटी कालवत राहिले! आज तो सत्तरीला टेकलाय, नातवंडांचा लाडका आजा आहे, तरी ती आमटी आठवली की मी त्याला फोनवर दोन शब्द सुनावतेच. "अगं, किती साल झाली," तो म्हणतो. होऊ देत.

दुपारी मी आणि वहिनी विहिरीवर धुणं धूत होतो. ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. पिळा घट्ट पिळत म्हणाली, "मंदाताई, आमच्या गावाचं जुनं देऊळच पाण्यात हाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, परत बुडतं. असल्या गावची मी. माझ्या हाताला काय उगवनार?"

मी चिडले. "देवळाचा न हरभऱ्याचा काय संबंध गं? काहीतरीच बडबडतीस!"

"मग का उगवंना?" ती म्हणाली. एखादी गोष्ट कळली नाही की मला जेवण जात नाही, हा माझा जन्माचा स्वभाव. मी कणगीतलं मूठभर बी ओच्यात बांधलं आणि तात्यांनी सोडलेली पायरी चढून हमीदचाचांच्या दुकानात गेले.

चाचा गोणपाट उलगडत बसले होते. बी विकायच्या आधी ते प्रत्येक पोत्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. त्यांचा तो नेमच होता. मी ओचा सोडून बी त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी एक हरभरा दाताखाली धरून बघितला. "बी झकास हाय. काय झालं?" मी सगळं सांगितलं, आत्यांचं बोलणंसुद्धा. चाचांनी दाढी खाजवली. "घटाला पाणी कुठलं?"

"इहिरीचं."

"आन गेल्या साली?"

"तेच की. घटाला इहिरीचंच लागतं."

"मग मला बी कोडं हाय बाय," ते म्हणाले. "पर इच्यारून काय व्हत न्हाय, करून बगायचं. दोन गोणपाटं घे. बी एकच, पाणी दोन. एकाला टाकीचं, एकाला इहिरीचं. आन मधी उचकटून बगायचं न्हाय, समजलं? लई उतावळी हायेस तू."

मी दोन्ही गुंडाळ्या गोठ्यामागं कडब्याच्या आडोशाला ठेवल्या. प्रत्येकीत दहा हरभरे, दहा गहू, दहा करडई. सकाळी शाळेला जाताना एकीवर टाकीचं पाणी, दुसरीवर विहिरीचं. उचकटून बघितलं नाही म्हणायला माझी जीभ धजत नाही, एकदा बघितलं. पण लगेच मिटलं. तिकडं घरात वहिनी अजून रोज पहाटे तशीच न्हाऊन घागर काढत होती, आणि तिची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली येऊन भिंतीशी उभी होती. सातव्या माळेला घटात दोनचार हिरवे ठिपके दिसले, पण ते कुणी हिशेबात धरले नाहीत.

आठव्या माळेला, संध्याकाळची आरती झाल्यावर, मी दोन्ही गोणपाटं घेऊन माजघरात आले आणि सगळ्यांच्या मधे उलगडली. टाकीच्या पाण्यातले दहाच्या दहा हरभरे पांढऱ्या शेपट्या काढून बसले होते. विहिरीच्या पाण्यातले फुगून बुळबुळीत झालेले, वास यायला लागलेला, फक्त दोघांना बारकी शेपटी. गहू निम्मा आलेला. करडई मात्र दहातली आठ. मी एका दमात सांगितलं, बी एकच, पाणी दोन, वहिनीनं हातसुद्धा लावलेला नाही.

"गोणपाट म्हंजी काय देव हाय का?" आत्या म्हणाल्या.

तात्या मात्र खाली वाकून एकेक दाणा उचलून बघत होते. बघून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "व्हय गं, शानी हायेस. पर इहीर तीच, पाणी तेच. मग तुज्या आयचा घट तीन साल कसा आला?"

मी वहिनीकडं बघितलं. ती पेटीकडं बघत होती. संपलं, असं मला वाटलं. इतकं करून शेवटी मीच तिच्या गळ्याला फास आवळला. तेवढ्यात कोपऱ्यातून आईचा आवाज आला. ती दुसऱ्या दिवसाच्या माळेसाठी झेंडू ओवत बसली होती. सुई तशीच फुलात.

"मी टाकीचं घालत व्हते," आई म्हणाली.

तात्यांना ऐकूच आलं नसावं. "काय?"

"सासूबाई गेल्या, न घट माझ्याकडं आला. त्या साली इहिरीच्या पाण्यावर चार काड्या आल्या नुसत्या. मला भ्या वाटलं. लोक म्हनतील, हिच्या हाताला बरकत न्हाय. मग पाचव्या माळंला कुणी नसताना नवं बी टाकलं न कळशीतलं पाणी घातलं. तवापासनं कळशीतलंच." मग ती आत्यांकडं न बघता म्हणाली, "सुमनला सांगनार व्हते. वन्संच्या म्होरं जीभ उचलली न्हाय. रोज म्हनायची, आज सांगीन. आठ माळा गेल्या." आणि ती रडायला लागली. माझी आई रडताना मी तोवर बघितली नव्हती. मला तिचा भयंकर राग आला आणि तिला जाऊन मिठीही मारावीशी वाटली. मी दोन्ही केलं नाही. वहिनी उठली, आईच्या हातातली सुई काढून घेतली आणि तिच्या शेजारी बसली.

तात्या हळू म्हणाले, "तीन साल. तीन साल मी हरभरा पेरला." मला वाटलं आता ताट-तांब्या भिरकावतील. ते उठले, देवघरात गेले, पडदा पुरता बाजूला केला आणि गुडघ्यावर बसून घटाची माती बोटानं हळूहळू चाळली. हरभरा कुजलेला. शाळवाचं, म्हणजे ज्वारीचं, बी तसंच पडलेलं. करडईची दोन दोन पानं मात्र उघडली होती, आणि सातूच्या तीन काड्या सरळ उभ्या होत्या. "बग आक्का," ते आत्यांना म्हणाले, "ह्यो घट खोटा न्हाय. तीन साल खोटा व्हता, आवंदा खरं बोललाय." आणि वहिनीकडं वळून, "पोरी, या घरात सांगितलं तसं तू एकटीनं केलंस. ती पेटी ठेव वर." आत्या जरा वेळानं पुटपुटल्या, "माझ्या इहिरीचं बी मचूळच लागतंय दोन साल." मग वहिनीला म्हणाल्या, "उद्याची माळ तूच बांध." त्यांच्या तोंडून माफी निघायची ती एवढीच.

पुढं मी शिकले आणि बारामतीत माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. तिथं कळलं की खारं पाणी असलं की बियाला ते आत ओढता येत नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, तशी त्याची गत होते. करडई आणि सातू तेवढा खार सोसतात, हरभऱ्याला मुळीच सोसत नाही. शिवाय घटातलं पाणी रोज सुकतं आणि खार मातीत साठत जातो. बाटलीत पाणी घेऊन शेतकरी यायचे, तेव्हा यंत्र लावायच्या आधी मी विचारायची, "तुमच्याकडं घटात काय काय उगवतं?" साहेब हसायचे. पण शेतकरी बरोबर सांगायचे, आणि यंत्रही बहुतेक वेळा तेच सांगायचं.

त्या वर्षी दसऱ्याला तात्यांनी टोपीत करडईची दोन रोपं आणि सातूच्या काड्या खोवल्या. गावात सगळ्यांच्या टोपीत वीतभर तुरे, आमच्या तात्यांच्या टोपीत दोन बोटांचं धान. लोक बघत होते. तात्या तसेच सरळ हमीदचाचांच्या दुकानात गेले. मी मागं होतेच. आपट्याचं पान पुढं करून म्हणाले, "सोनं घ्या हमीदभाई. बी चांगलं व्हतं तुमचं."

"ते मला म्हाईत व्हतं," चाचा म्हणाले. "तुमाला कदी कळतंय त्याची वाट बगत व्हतो. बसा. करडई किती देऊ?"

त्या रब्बीत विहिरीखालच्या वावरात करडई फुलली, पिवळीधमक, काट्याची, आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा ते वावर सगळं भरलेलं दिसलं. वरच्या तुकड्यात, जिथं पाटाचं पाणी मिळायचं, तिथं हरभरा टाकला. पुढच्या नवरात्रात वहिनीनं आईला सगळ्यांसमोर विचारलं, "पाणी कुठलं घालू?" आई म्हणाली, "इहिरीचंच घाल बाय. त्येला इच्यारायचं असंल तर खरं इच्यारावं." तेव्हापासून आमच्या घरात घट विहिरीच्याच पाण्यावर बसतो. नंतर दादानं चर खणले, वावराखालून निचऱ्याचे नळ टाकले, ताग पेरून गाडला, उसाला ठिबक केलं, आणि वहिनी दरवर्षी नवरात्रात मला फोन करून कळवत राहिली, गहू बरा आलाय, शाळू चौथ्या माळेला निघाला, हरभरा न्हाय. आई गेली, तात्या गेले, चाचा गेले. दरवर्षी फोन, आणि दरवर्षी शेवटी, हरभरा न्हाय.

या वर्षी पाचव्या माळेला सकाळी फोन आला. वहिनी बोलेचना. दादाला काही झालं की काय? "अगं बोल की!" मी ओरडले.

"मंदाताई, हरभरा आलाय."

"टाकीचं पाणी घातलंस?"

"देवाशप्पथ इहिरीचं. सगळा आलाय. मोजलाय मी."

मी पिशवी उचलली आणि दुपारच्या एसटीनं सणसरला गेले. घरात शिरले, धापा टाकत ओसरीवर टेकले. पांढऱ्या केसांची माझी वहिनी आतून तांब्या घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. मी पहिला घोट घेतला, विहिरीचंच पाणी, पण चूळ भरावीशी वाटली नाही, आणि तिच्याकडं बघितलं. ती माझ्या तोंडाकडंच बघत होती, ओठ दाबून. मी सगळा तांब्या रिकामा केला.

"छान गार हाय," मी म्हणाले.